वळवाआधीचा अर्धा तास

मराठवाड्यातला उन्हाळा दुपारी कडक आणि संध्याकाळी बेभरवशाचा. चैत्र-वैशाखात चिकलठाण्याच्या वेधशाळेत पारा चाळिशी ओलांडतो. तीन वाजेपर्यंत आभाळ निरभ्र असतं. मग क्षितिजावर कुठेतरी एक पांढराशुभ्र ढग फुलकोबीसारखा फुगायला लागतो, तासाभरात त्याचा तळ काळा पडतो, माथा पसरट होतो आणि कन्नडच्या घाटापासून पैठणच्या धरणापर्यंत कुठे ना कुठे वारं-वावधान सुटतं. पाऊस दहा-पंधरा मिनिटं कोसळतो. सहा वाजता पुन्हा ऊन पडलेलं असतं. पण एवढ्या वेळात कुणाच्या घराचे पत्रे गेलेले असतात, कुणाच्या केसर आंब्यांचा सडा पडलेला असतो आणि कुठल्या तरी वावरात लिंबाखाली उभ्या राहिलेल्या माणसांवर वीज पडलेली असते.

पूर किंवा भूकंप सगळ्या तालुक्याला एकदम गाठतो. वळवाचं वादळ एका वेळी एका वस्तीला, एका झाडाला, एका छपराला गाठतं. म्हणून त्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत संपते. बेरीज मात्र मोठी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात वीज पडून मेलेल्यांची संख्या 2,887 आहे. निसर्गाच्या कोपाने देशात जितके अपघाती मृत्यू नोंदले गेले, त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त एकट्या विजेचे. त्या वर्षी ना पुराने इतकी माणसं नेली, ना उष्माघाताने.

हा ढग तयार कसा होतो हे समजून घेतलं, तर तयारी कशाची करायची हे आपोआप कळतं. नांगरून उघडी पडलेली काळी जमीन दिवसभर तापते आणि तिच्या लगतची हवा हलकी होऊन वर चढते. उन्हाळ्यात विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे अनेकदा कमी दाबाचा एक लांब पट्टा पसरलेला असतो. त्याच्याकडे अरबी समुद्रावरची आणि बंगालच्या उपसागरावरची बाष्पाने भरलेली हवा ओढली जाते. कोरडी आणि ओली हवा समोरासमोर आली, खालून उष्णतेची धग मिळाली, की ढग 12 ते 15 किलोमीटर उंच चढतो. एव्हरेस्टची उंची 9 किलोमीटरही नाही, हे लक्षात घ्या. इतक्या उंचीवर तापमान उणे 50 अंशांच्याही खाली असतं. वर चढणारे बर्फाचे बारीक कण आणि खाली पडणाऱ्या मऊ गारा एकमेकांवर आदळतात, त्यातून विद्युतभार वेगळे होतात. ढगाच्या माथ्यावर धन आणि मधल्या-खालच्या भागात ऋण भार साठत जातो. तो हवेला पेलवेनासा झाला की वीज पडते. तिच्या वाटेतली हवा क्षणभर सुमारे 30,000 अंश सेल्सियसपर्यंत तापते. सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. तापलेली हवा एकदम फाकते, त्याचा आवाज म्हणजे गडगडाट.

अशा एका ढगाचं आयुष्य साधारण तासाभराचं असतं. त्यातला पहिला अर्धा तास, ढग फुगत असताना, खाली काहीच होत नाही. या प्रकरणात जे काही सांगायचं आहे, ते त्या अर्ध्या तासाभोवती फिरतं.

आधी टोर्नेडोबद्दल. अमेरिकेतल्या टोर्नेडोच्या चित्रफिती मोबाईलवर फिरत असतात आणि ‘तळघरात जा’ हा सल्लाही त्यांच्यासोबत फिरतो. भारतीय उपखंडाला टोर्नेडो परका नाही. जगात सर्वाधिक बळी घेणारा मानला जातो तो टोर्नेडो बांगलादेशातल्या मानिकगंज जिल्ह्यात 26 एप्रिल 1989 रोजी आला आणि त्याने सुमारे 1,300 माणसं नेली. मार्च 1978 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या परिसरातून एक गेला. दख्खनच्या पठारावर मात्र तो दुर्मीळ आहे. भर उन्हात माळावर पाचोळा फिरवत जाणारी वावटळ ही वेगळी गोष्ट. ती तापलेल्या जमिनीतून उठते, तिला ढग लागत नाही, आणि तिच्यात क्वचितच मोठं नुकसान करण्याइतका जोर असतो.

मग आपल्याकडे घरं उघडी पाडणारं वारं येतं कुठून? ढगातून खाली. गारा वितळतात, पावसाचे थेंब वाटेतच सुकतात, त्याने हवा गार आणि जड होते आणि थेट जमिनीवर आदळून चहूबाजूंना फाकते. हे ओळखणारा शास्त्रज्ञ जपानी होता, तेत्सुया फुजिता. अणुबॉम्बनंतरच्या नागासाकी-हिरोशिमाची पाहणी करताना झाडं एका जागेपासून सगळ्या दिशांना आडवी झालेली त्याने पाहिली होती. पुढे शिकागो विद्यापीठात असताना, 1975 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरताना पडलेल्या एका विमानाचा अभ्यास करताना त्याला तोच नमुना आठवला आणि ढगातून कोसळणाऱ्या हवेची कल्पना त्याने मांडली. टोर्नेडोची तीव्रता मोजण्याची श्रेणीही त्याच्याच नावाने ओळखली जाते. वादळानंतर शिवारात गेलात तर तुम्हालाही हे तपासता येईल. झाडं एका दिशेला किंवा एका जागेपासून बाहेरच्या बाजूला पडलेली असतील, तर ते असंच वारं.

घरापुरता याचा अर्थ सरळ आहे. तळघर नको, पक्कं छप्पर हवं. आणि हे वारं पावसाच्या आधी येतं. उकाड्यात अचानक गार झुळूक लागली, मातीचा वास आला, धुळीची भिंत दिसली, म्हणजे वेळ जवळजवळ संपलेली आहे. बायामाणसं त्याच वेळी वाळत घातलेल्या कुरडया-पापड गोळा करायला गच्चीवर धावतात. एप्रिल-मे हे वाळवणाचेही दिवस आणि वळवाचेही. ढग वाढताना दिसला की वाळवण तेव्हाच खाली आणावं. गार वारं सुटल्यावर गच्चीवर जायचं नाही, कुरडया भिजल्या तर भिजल्या.

आता शेतातलं गणित. गडगडाट साधारण 15 किलोमीटरपर्यंत ऐकू येतो. वीजही ढगापासून 10-15 किलोमीटर लांब पडू शकते, अगदी डोक्यावर निळं आभाळ असताना. म्हणजे गडगडाट कानावर आला, त्याच क्षणी तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. लखलखाट आणि आवाज यांतले सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं, हे शाळेत शिकवतात आणि ते बरोबर आहे. पण त्या हिशेबावर ‘अजून लांब आहे’ असं म्हणून आणखी एक तास (आपल्याकडे पिकाच्या ओळीला तासच म्हणतात) खुरपून घेऊ, असं ठरवणं जिवावर बेततं. पुढची वीज मागच्याच जागी पडेल असं नसतं.

वावरातून गावापर्यंत दोन किलोमीटर असतील तर पायी पंचवीस-तीस मिनिटं लागतात. सोबत शेळ्या, म्हातारं माणूस किंवा लहान लेकरू असेल तर जास्त. ढग ताशी 30-40 किलोमीटरने सरकत असेल, तर गडगडाट ऐकून निघालेला माणूस वाटेतच गाठला जातो, तोही उघड्या रस्त्यावर. त्यामुळे निघायचं ते आवाजावर नाही, ढगावर. प्रत्येक घराने एकदा बसून एवढंच ठरवावं: आपल्या वावरापासून सर्वात जवळचं पक्क्या भिंतींचं, स्लॅबचं बांधकाम कुठलं? शेजाऱ्याची आखाड्यावरची खोली, जिल्हा परिषदेची शाळा, समाजमंदिर, जे असेल ते. तिथवर पोचायला किती मिनिटं लागतात? ज्याला दहा मिनिटं लागतात त्याने वेगळ्या वेळी निघायचं, ज्याला तीस लागतात त्याने वेगळ्या वेळी. हे ठरवण्याची वेळ मार्चमध्ये असते. माझ्या मते वादळाच्या तयारीत याहून महत्त्वाचं दुसरं काहीही नाही, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

रोजंदारीवर आलेल्या मजूर बायांच्या बाबतीत ही जबाबदारी शेतमालकाची आहे. जूनमधली पेरणी आणि खुरपणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमधली सोयाबीनची काढणी, कापसाची पहिली वेचणी, या कामांच्या दिवसांतच विजेचा जोर असतो. काम अर्धवट टाकून निघालं तर हजेरी कापली जाईल, ही भीती बायांना झाडाखाली थांबवते. आभाळ आल्यामुळे काम थांबलं तर पैसे पूर्ण मिळतील, हे मालकाने सकाळीच सांगून टाकावं.

झाडाखाली माणसं का मरतात? वीज झाडावर पडते, पण झाडाचं लाकूड फारसं चांगलं वाहक नाही. माणसाचं शरीर त्याहून बरं. म्हणून ती खोडावरून उतरताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे उडी घेते. उरलेली विजेची धार जमिनीत शिरून मुळांच्या बाजूने पसरते. त्या जमिनीवर दोन पाय फाकवून उभं राहिलं तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडते. अंगावर थेट वीज पडून होणाऱ्या दुखापती फार थोड्या. बहुतेकांना ती जमिनीतून किंवा शेजारच्या झाडातून गाठते. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीड-दोन मीटरचं अंतर असतं आणि मधे हृदय येतं, म्हणून एका झाडाखाली बांधलेली चार-पाच जनावरं एकदम आडवी होतात. वैशाखापासून जनावरं मोठ्या झाडाच्या बुंध्याला बांधायचीच नाहीत. तारेच्या कुंपणाला तर नाहीच.

उघड्या माळावर सापडलात आणि कुठलाच निवारा आवाक्यात नाही, तर एकमेकांपासून लांब पांगा, विळा-खुरपं खाली टाका, उंचवट्यावरून उतरा, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. हा अगदी शेवटचा पर्याय आहे, त्याने धोका थोडा घटतो, टळत नाही. चारही बाजूंनी बंद असलेली मोटार किंवा जीप सुरक्षित. वीज तिच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते. मोटारसायकल, उघडा ट्रॅक्टर आणि बैलगाडी सुरक्षित नाहीत. चार खांबांवर उभा केलेला उघडा पत्र्याचा शेडही नाही.

पायाळू माणसावर वीज पडते, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. आभाळ गडगडायला लागलं की पायाळू पोराला घरात कोंडतात. त्या पोराला घरात घेतात हे उत्तम, फक्त बाकीच्यांनीही त्याच्यासोबत आत यावं. विजेला उंची कळते, टोक कळतं, वाहक कळतो. कोण डोक्याकडून जन्मलं आणि कोण पायाकडून, याच्याशी तिचा काही संबंध नाही. मोबाईल फोन वीज ओढतो, हाही समज खोटा आहे. चार्जरला लावलेला फोन कानाला धरणं मात्र खरोखर धोक्याचं, कारण वीज तारेतून घरात येते. ती नळातूनही येते. म्हणून गडगडाट चालू असताना अंघोळ, धुणं-भांडी आणि बोअरच्या मोटारीचा स्टार्टर या तिन्ही गोष्टी थांबवाव्यात.

मोबाईलचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. पुण्याच्या पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेच्या जागा टिपणाऱ्या यंत्रांचं जाळं उभं केलं, त्याची सुरुवात महाराष्ट्रातूनच झाली. त्यावर आधारलेलं ‘दामिनी’ ॲप तुमच्या जागेपासून 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात कुठे विजा पडताहेत ते दाखवतं, मराठीतही. 40 किलोमीटरच्या वर्तुळात खुणा दिसू लागल्या, म्हणजे निघायला वेळ आहे. हवामान खातं पुढच्या तीन तासांचे तातडीचे इशारे देतं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी हवामान सल्ला काढतं. घरातल्या एका तरुण माणसाने, मुलगा असो की मुलगी, रोज दुपारी दोन वाजता हे बघायचं आणि वावरातल्या माणसांना फोन करायचा, असा नेम लावावा. वावरात रेंज नसेल तर ढग बघण्याची जुनी सवयच कामाला येते.

गावागावांत वीज अटकाव यंत्रणा बसवण्याची मागणी होते. शाळा, ग्रामपंचायत, मंदिर, उंच टाकी यांना ती हवीच. पण तिचं संरक्षण इमारतीपुरतं आणि तिच्या भोवतीच्या थोड्या जागेपुरतं असतं. गावात एक खांब उभा केला म्हणून शिवारातली माणसं वाचत नाहीत आणि मरणारी बहुतेक माणसं शिवारातच असतात. खांबापेक्षा वावरांच्या मधोमध एक साधी स्लॅबची खोली जास्त जीव वाचवेल, असं मला वाटतं.

वीज पडलेल्या माणसाकडे जायला लोक घाबरतात, त्याच्या अंगात वीज असेल म्हणून. तशी ती नसते. त्याला लगेच हात लावता येतो, लावलाच पाहिजे. या धक्क्याने हृदय थांबतं आणि श्वासही थांबतो. कित्येकदा हृदय आपोआप पुन्हा चालू होतं, पण श्वास परत यायला वेळ लागतो. त्या मधल्या मिनिटांत हवा मिळाली नाही तर हृदय दुसऱ्यांदा थांबतं आणि मग माणूस हाती लागत नाही. काही भागांत अशा माणसाला गळ्यापर्यंत शेणात पुरून ठेवतात, त्यात हीच मिनिटं जातात. त्याला पाठीवर सपाट निजवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ. छाती दोन इंच खाली जाईल इतक्या जोराने, मिनिटाला 100 ते 120 या वेगाने दाबा. 30 वेळा दाबल्यावर नाक चिमटीत धरून, हनुवटी वर करून तोंडाने दोनदा हवा भरा. पुन्हा 30. थकलात की दुसऱ्याने घ्यायचं. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही. 108 ला फोन एकाने करावा आणि दाबणाऱ्याने दाबत राहावं. एकाच वेळी पाच-सहा जणांना धक्का बसला असेल तर जो कण्हतोय, ओरडतोय तो बहुधा जगणार आहे. निपचित पडलेल्याकडे आधी धावा. इतर अपघातांत हे उलटं असतं, विजेच्या बाबतीत हेच बरोबर.

विजेनंतर वारं, आणि वाऱ्याचा पहिला घाव छपरावर. आपल्या जिल्ह्यात धाब्याची जुनी घरं जाऊन पत्र्यांची आली. पत्रे वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची पद्धत आहे. गंगापूर-वैजापूरच्या वाटेवर कुठल्याही वस्तीकडे बघा, प्रत्येक छपरावर दहा-वीस दगड दिसतील, कुठे जुनं टायर, कुठे तुटलेल्या जात्याची तळी. हे दगड पत्र्याला धरून ठेवतात का, याचा हिशेब करून बघू. ताशी 90 किलोमीटरचं वारं एका चौरस मीटरवर साधारण 38 किलोचा दाब देतं. दहा फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद पत्रा सव्वातीन चौरस मीटर भरतो. म्हणजे त्याला उचलणारा जोर सव्वाशे किलोच्या घरात. पत्र्याचं स्वतःचं वजन पंधरा किलोच्या आसपास. वरचे चार दगड मिळून पन्नास-साठ किलो. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर जोर चौपट. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी जे भारतीय मानक आहे, त्यात औरंगाबादसाठी (आताच्या संभाजीनगरसाठी) सेकंदाला 39 मीटर, म्हणजे ताशी 140 किलोमीटर एवढा वेग धरायला सांगितला आहे. त्या वाऱ्यात तोच पत्रा तीनशे किलोच्या जोराने वर ओढला जाईल. वाऱ्याच्या बाजूचं दार उघडं राहिलं तर हवा आत घुसून खालूनही ढकलते.

दगड पत्र्याला धरत नाहीत, ते फक्त खाली पडायची वाट बघतात. पत्रा उचकटला की दगड आत, खाली निजलेल्या माणसांवर. वादळात पत्र्यावरचा दगड डोक्यात पडून गेलेल्या लहान मुलांच्या बातम्या मराठवाड्यात दर उन्हाळ्यात येतात.

यावरचा उपाय गावातला फॅब्रिकेशनवाला एका दिवसात करून देतो. पत्रा खालच्या लोखंडी पाइपाला किंवा अँगलला जे-हुकने आवळायचा. हुकाचं भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडायचं, खोलगट भागात नाही, नाहीतर तिथून गळतं. वर रबरी वायसर. छपराच्या चारही कडांना आणि कोपऱ्यांना हुक जवळजवळ लावायचे, कारण वारं पत्रा तिथूनच सोलतं, मधे थोडे विरळ चालतील. एवढं करूनही एक गोष्ट हमखास राहते: पाइपच भिंतीत नुसते टेकवलेले असतात. मग पत्रे पाइपांसकट उडतात. पाइपाचं टोक भिंतीत काँक्रीटमध्ये गाडलेल्या सळईला वेल्डिंग करून घ्यावं. यंदा पैसे नसतील तर निदान छपरावरून जाड तार आडवी ताणून दोन्ही टोकं पाइपांना पक्की बांधावीत आणि दगड खाली उतरवावेत. सगळे उतरवणं जमलं नाही तर निजायच्या जागेवरचे तरी आधी. वारं सुटल्यावर वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या लावून घ्यावी आणि भक्कम भिंतीच्या आतल्या कोपऱ्यात, खाटेखाली किंवा दिवाणाखाली जावं. घर अगदीच कच्चं असेल तर आभाळ आलं तेव्हाच शेजारच्या पक्क्या घरात जावं. यात संकोच करण्यासारखं काही नाही, आणि पक्कं घर असणाऱ्याने दार उघडं ठेवावं.

अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे 9 एप्रिल 2023 च्या रात्री वादळात भाविक बाबूजी महाराज संस्थानच्या पत्र्याच्या शेडखाली थांबले होते. शेजारचं जुनं, मोठं लिंबाचं झाड शेडवर पडलं. सात माणसं गेली. त्यानंतर आठवड्याभराने, 17 एप्रिलला, पिंपरी-चिंचवडमध्ये किवळे इथे पावसापासून आडोसा घेतलेल्या लोकांवर लोखंडी होर्डिंग पडलं आणि पाच जण मेले. पुढच्या वर्षी 13 मे 2024 ला घाटकोपरच्या पेट्रोलपंपावर 120 फूट रुंद आणि तितकंच उंच होर्डिंग कोसळलं, 17 जण गेले. या तिन्ही ठिकाणी माणसं उघड्यावर भिजत नव्हती, ती कशाच्या तरी खाली होती. आडोसा निवडताना डोक्यावर काय आहे एवढंच बघून चालत नाही. त्या छपराच्या वर आणि शेजारी काय उभं आहे, तेही बघावं लागतं.

संभाजीनगर शहरात हे रोजचं आहे. जालना रोडवर दुचाकीवाले पाऊस सुरू झाला की मिळेल त्या झाडाखाली, टपरीच्या पत्र्याखाली, जाहिरातीच्या फलकाखाली थांबतात. त्यापेक्षा दुकानाच्या आत, बँकेच्या आत, इमारतीच्या जिन्यात शिरावं. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, त्याची फांदी हलक्या वाऱ्यातही मोडते. लग्नसराईत मंडपाचा प्रश्न वेगळा. लोखंडी पाइप आणि मोठं कापड वारं धरतं आणि सगळा सांगाडा पाहुण्यांवर येतो. मंडपवाल्याशी बोलणी करताना जेवणाच्या पंगतीबरोबर हेही ठरवावं की वारं सुटलं तर पाहुण्यांना कुठल्या पक्क्या इमारतीत न्यायचं. सिडकोतल्या गच्च्यांवर प्लास्टिकच्या टाक्या, सोलरची तावदानं, कुंड्या, जुन्या दारांच्या चौकटी असतात. रिकामी टाकी वाऱ्याने उडते, भरलेली हलत नाही. म्हणून या दिवसांत टाकी भरून ठेवावी. नळाला आठवड्यातून एखाद-दुसऱ्यांदा पाणी येणाऱ्या शहरात हे सांगणं सोपं, करणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. तेव्हा निदान ती तारेने कठड्याला बांधावी.

घरातल्या विजेच्या वस्तूंचं संरक्षण एमसीबी करतो असा समज आहे. तो शॉर्टसर्किट आणि जादा भार थांबवतो. आभाळातून आलेला झटका त्याच्या आधी आत शिरलेला असतो. ढग दिसला की टीव्ही, फ्रिज, वायफायचा डबा यांचे पिन काढून ठेवणं हाच खात्रीचा उपाय. गडगडाट सुरू झाल्यावर पिनांना हात लावू नये. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो, त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतावं. तुटून पडलेली तार मेलेली आहे असं कधीच समजू नये, ओल्या जमिनीवर तर तिच्या आसपासही जाऊ नये. महावितरणच्या 1912 वर फोन करावा आणि माणसं येईपर्यंत कुणाला तरी लांब उभं करून वाट अडवावी.

गारपिटीबद्दल मराठवाड्याला वेगळं सांगायची गरज नाही. 2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याच्या मोठ्या भागावर जी गारपीट झाली, ती ज्यांनी पाहिली त्यांना उभा गहू, हरभरा, मोसंबीच्या बागा आणि झाडांखाली पडलेल्या पाखरांचा खच आठवत असेल. गारा पडू लागल्या की डोकं वाचवणं पहिलं: पाटी, टोपलं, घमेलं, पोत्याची घडी, हाताला लागेल ते डोक्यावर. गाडी वाचवायला बाहेर धावू नये.

सामानाची यादी मी लांबवत नाही. चार्ज केलेली बॅटरी, भरलेला मोबाईल, दोन दिवसांची औषधं, प्यायचं पाणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कागदपत्रं एवढं एका ठिकाणी असलं की पुरे. कागदपत्रांचं महत्त्व मात्र वादळ गेल्यावर कळतं. वीज कोसळणं ही महाराष्ट्राने मदतीस पात्र ठरवलेली आपत्ती आहे. मृताच्या वारसाला 4 लाख रुपये मिळतात. दुधाळ गाय किंवा म्हैस दगावली तर 37,500 आणि ओढकाम करणारा बैल गेला तर 32,000 रुपये हे केंद्राच्या निकषांतले दर आहेत. पण मदत कागदावर चालते. माणूस गेला असेल तर शवविच्छेदन झालंच पाहिजे, दुःखाच्या भरात घाईने अंत्यविधी उरकलेली कुटुंबं पुढे हेलपाटे घालत राहतात. जनावर गेलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो आणि कानात बिल्ला नसेल तर अडचण येते. पत्रे उडाले, भिंत पडली तर आवरायच्या आधी फोटो काढा, आणि तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्या. पंचनाम्याला कुणी आलं नाही तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे.